माझ्या हातातली खडखड

आमची पिकअप आता सकाळी गपगुमान सुरू होते आणि याचं श्रेय माझं आहे. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण नम्रपणा मला कधी जमला नाही. नातेवाइकांच्या लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर केळी निवडता निवडता केळीवाल्यालाही मी हे सांगितलंय. नवरा म्हणतो, आता पुरे. त्याला काय जातंय पुरे म्हणायला. किल्ली त्याच्या हातातून जाणार नव्हती, माझ्या हातातून जाणार होती.

आमचा गाद्यांचा धंदा. बिबवेवाडीत एक लांबट शेड आहे, पुढे दुकान आणि मागे कापूस पिंजायचं यंत्र. बोर्डावर ‘कारखाना’ लिहिलंय म्हणून आम्हीही कारखाना म्हणतो. पणजोबा खांद्यावर धनुकली घेऊन पेठांमधून कापूस पिंजत फिरायचे. आजोबांनी जागा घेतली, अब्बांनी यंत्र आणलं आणि भाईने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दुकानाला काचेचं दार बसवलं. कुणी काय केलं हे पाहुण्यांना असं ओळीने सांगायची आमच्यात पद्धत आहे. त्या ओळीत मी नव्हते. मुलगी लग्न होऊन गेली की ओळीतून जाते, मग ती दोनच गल्ल्या पलीकडे का गेलेली असेना.

घरात आम्ही आपसात दख्खनी बोलतो. पण गिऱ्हाइकाशी, गॅरेजवाल्याशी आणि भांडताना मराठी. या गोष्टीत भांडणच जास्त आहे, त्यामुळे मला ती मराठीत सांगायला सोपी जाते.

पिकअप नवी कोरी घेतली तेव्हा ती अब्बा चालवणार असं ठरलं होतं. पण त्यांच्या गुडघ्याने क्लचपुढे हात टेकले. भाईला गाडी येते, पण आपण काचेच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की इकडे गिऱ्हाईक परत जाईल ही त्याची कायमची धास्ती. मग मी म्हटलं, मी नेते. लायसन्स मी लग्नाआधीच काढलेलं होतं आणि तेव्हापासून ते कपाटात साड्यांखाली पडून होतं. भाई म्हणाला, ने थोडे दिवस, तोवर माणूस बघू. माणूस बघणं राहून गेलं आणि मी चालवत राहिले.

ते दिवस मी विसरणार नाही. हौद्यात गाद्या रचायच्या, वर ताडपत्री आवळायची आणि कात्रजच्या बाजूला निघायचं. त्या उंच सीटवर बसलं की रस्ता रुंद झाल्यासारखा वाटायचा. तो झालेला नसायचा, पुण्यात तसलं काही होत नाही, पण मला वाटायचा. वसतिगृहांत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मांजरी गावात उसाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत मी गाद्या पोचवल्या. दार उघडणारे आधी माझ्यामागे कुणी पुरुष येतोय का ते बघायचे. यंत्रावरचा आमचा एक कामगार गादी डोक्यावर घेऊन मागून यायचा तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि तो खाली गेल्यावर मीच गाडी वळवून घेतली की पुन्हा भांड्यातून बाहेर. मला फार मजा यायची. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठेतरी जात होते आणि वाटेत कुणाला विचारत नव्हते.

मग हिवाळा आला आणि गाडी सकाळी खडखडायला लागली.

किल्ली फिरवली की इंजिन लगेच पेटायचं. पण पेटल्या पेटल्या आतून खड-खड-खड-खड असं सुरू व्हायचं, पत्र्याच्या डब्यात बोल्ट घालून कुणी हलवल्यासारखं. थोड्या वेळाने ते आपोआप थांबायचं आणि मग दिवसभर गाडी म्हणजे गरीब गाय. दुपारी कात्रजला बंद करून पुन्हा सुरू केली तर चकार शब्द नाही. फक्त सकाळी, फक्त पहिल्यांदा.

समोरच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. त्यांची सकाळ गॅलरीत चहाच्या कपाबरोबर होते आणि त्यांची गॅलरी आमच्या शेडच्या बरोब्बर समोर. त्यांनी काही दिवस ऐकून घेतलं, मग एकदा वरून विचारलं, “अहो, आपला गाद्यांचाच व्यवसाय ना? की पहाटे खडी फोडायचंही काम घेतलंत?” मी म्हटलं, घेतो की, तुमच्याकडे काही फोडायचं असलं तर पाठवा खाली. काकांना हे आवडलं असावं, कारण त्यानंतर ते रोज बोलायला लागले.

पण त्याच काकांनी एके दिवशी अब्बांना जे सांगितलं त्याने माझा घात केला. ते म्हणाले की तुम्ही स्वतः गाडी सुरू करता तेव्हा हा आवाज नसतो, मुलगी सुरू करते तेव्हाच असतो. हाताचा फरक, दुसरं काय.

आणि ते खोटं नव्हतं. अब्बा पहाटेची फजरची नमाज आटोपून आले की कधीमधी गाडी शेडमधून बाहेर काढून ठेवायचे. गुडघा दुखत असला तरी तेवढं ते करायचेच. त्या सकाळी इंजिन एकदम वाघासारखं गुरगुरायचं आणि खडखड कुणाला ऐकू यायची नाही. मी किल्ली फिरवली की खडखड सगळ्या गल्लीला. भाईने हे स्वतः उभं राहून तपासलं. एक दिवस अब्बा, एक दिवस मी. निकाल स्वच्छ होता. गाडी तीच, थंडी तीच, फक्त हात बदलला की आवाज.

भाई वाईट माणूस नाही, त्यामुळे त्याने ते गोड करून सांगितलं. तू दमतेस, तुला घर आहे, गाडी महागाची आहे, बाईच्या हातात जरा हे होणारच. आमच्या यंत्रावर विदर्भातून आलेला जो कामगार आहे त्याचा मेहुणा गाडी चालवतो, तो नव्या वर्षापासून येईल. मी दुकानात काउंटरवर बसावं, गिऱ्हाइकांना कापड दाखवावं. पंखाही आहे डोक्यावर. त्याने पंख्याचं नाव घेतलं आणि माझं डोकं फिरलं. मी काचेचं दार आपटून निघाले. ते दार सावकाश बंद होणारं आहे, नीट आपटतही नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की माझ्या हातात काय दोष आहे ते तरी कळू दे. तो म्हणाला, दोष नसेलही, पण आवाज आहे ना. खऱ्याखुऱ्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस. त्याला आवाज म्हणजे आवाज.

इथे मला तेलाचं सांगायला हवं.

गाडीची पहिली सर्व्हिसिंग कंपनीत झाली तेव्हा अब्बा मुद्दाम सोबत गेले होते. तिथे त्यांनी इंजिनात घालायचं ऑइल पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पातळ, सोनेरी, धार सोडली तर चहासारखं पडणारं. अब्बांनी त्यातला थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळला. कापूस ते असाच बघतात. बोंडातून चिमूट काढायची, अंगठा आणि तर्जनीत फिरवायची आणि सांगायचं की याला अंग आहे की नाही. ज्या कापसाला अंग त्याची गादी वर्षानुवर्षं बसत नाही. या परीक्षेत ते कधी चुकले नाहीत. त्यांनी तेलाचा थेंब चोळला, पुसला आणि म्हणाले, “याला अंगच नाही.”

घरी आल्यावर काही दिवसांतच त्यांनी ते तेल काढून टाकायला लावलं आणि नाना पेठेतून आपलं नेहमीचं जाड तेल आणून भरलं. तेच तेल त्यांच्या जुन्या टेम्पोंमध्ये असायचं. त्या टेम्पोंची इंजिनं झिजलेली, धूर सोडणारी. जाड तेल घातलं की आवाज बसायचा, धूर कमी व्हायचा. म्हणजे त्यांचा अनुभव खोटा नव्हता, फक्त दुसऱ्या गाडीचा होता. कंपनीने कुठलं तेल सांगितलंय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात काही गुपित नव्हतं. पण कंपनीला काय कळतंय, असं आमच्या घरात होतं. आणि हिवाळ्यात खडखड सुरू झाल्यावर अब्बांनी काय केलं? तेल आणखी घट्ट करायचं औषध मिळतं, त्याचा डबा आणून वरून ओतला. गॅरेजवाल्या मिस्त्रींनीही मान डोलावली. आवाज वाढला. तोही माझ्याच खात्यावर गेला.

एका सकाळी मी लवकर आले होते. थंडी बोचत होती आणि शेडच्या आतही समोरच्या काचेवर दव साचलं होतं. मी एका हाताने बॉनेटवर रेलून दुसऱ्या हाताने काच पुसत होते. अब्बा नमाजहून आले, म्हणाले, मीच काढतो बाहेर, आणि आत बसले. त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन गर्जलं. नेहमीसारखं. पण या वेळी माझा तळहात बॉनेटवर होता. त्या गर्जनेच्या खाली, पत्र्याच्या आत, तीच खडखड मला हाताला लागली. कानाला नाही, हाताला.

मी वाकून आत पाहिलं. अब्बांचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता. किल्ली फिरवायच्या आधीपासूनच होता. जुन्या टेम्पोंना सेल्फ मारल्याबरोबर रेस दिली नाही तर ते बंद पडायचे. म्हणून अब्बा किल्ली आणि पाय एकाच वेळी चालवतात. जन्मभराची सवय, त्यांना स्वतःला ती माहीतसुद्धा नाही. ते जोरात रेस द्यायचे, इंजिन ओरडायचं आणि त्या ओरडण्यात खडखड बुडून जायची. मला कुणी जुन्या टेम्पोवर शिकवलं नव्हतं. मी पाय खाली ठेवून हळूच किल्ली फिरवायची, म्हणून माझी खडखड सगळ्यांना ऐकू जायची.

म्हणजे आवाज माझ्या हातात नव्हताच. तो दोघांच्याही हातात होता. अब्बा तो झाकत होते आणि मी उघडा ठेवत होते, एवढाच फरक. मला इतका आनंद झाला की हातातलं फडकं मी तिथेच फेकलं. अब्बांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काच स्वच्छ झाली.

लगेच सांगितलं नाही याचं कारण होतं. माझा हात निर्दोष ठरला असता, पण आवाज राहिलाच असता, आणि आवाज आहे तोवर भाईचा तो माणूस येणारच होता. मला आवाजच हवा होता. म्हणजे तो कुठून येतो, ते.

उत्तर मला न्हाणीघरात मिळालं. रविवारी डोक्याला लावायला खोबरेल तेलाची बाटली घेतली तर ती गोठून पांढरी झालेली. उपडी केली, झटकली, एक थेंब खाली येईना. मी चिडून ती गॅलरीत उन्हात ठेवली. दुपारी पाहिलं तर तेल पाण्यासारखं हलत होतं. आणि दुपारी गाडीही गप्प असते. मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. इंजिनाचं तेल असं गोठत नाही हे मला कळत होतं. पण थंडीत जड तर होतंच. रात्रभर ते खाली तळाला बसलेलं असतं, सकाळी किल्ली फिरवली की ते वरच्या भागापर्यंत चढायला हवं. जितकं जाड, तितकं उशिरा चढणार. ते पोचेपर्यंत वरचे भाग कोरडे एकमेकांवर आपटणार. म्हणून खडखड. आणि अब्बा त्याच वेळी रेस देतात, म्हणजे कोरड्याला आणखी मार. आम्ही आवाज बंद करायला तेल जाड करत होतो, आणि तेल जाड होतं म्हणून आवाज येत होता. गाद्यावाल्यांशिवाय एवढ्या प्रेमाने चूक कुणी केली नसती.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी दोघांना गाठलं. आधी हाताचं. भाईला म्हटलं, उद्या सकाळी तू सुरू कर, पण पाय जमिनीवर ठेव, अॅक्सिलरेटरला अजिबात लावू नकोस. अब्बांना बॉनेटजवळ उभं केलं. दुसऱ्या सकाळी भाईने किल्ली फिरवली आणि गाडी जी खडखडली, काका कपासकट उठून उभे राहिले. भाई दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून बसला होता. मी त्याला विचारलं, बाईच्या हाताने सुरू केलीस का? तो किल्ली काढून खाली उतरला. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. मी सबंध गल्लीला ऐकू जाईल इतकं हसले.

पण अब्बा. अब्बांनी शांतपणे टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मग गाडीच खराब निघाली.”

सबंध कंपनीचं इंजिन खराब असू शकत होतं, त्यांचं तेल नाही. मी त्यांना थंडीचं सांगितलं, खोबरेलाचं सांगितलं, नव्या इंजिनातल्या तेलाच्या वाटा बारीक असतात हे सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण ओतलेल्या पाण्यासारखं सगळं वाहून जात होतं. त्यांचं एकच. पातळ तेलाने इंजिन बसेल, आणि ते बसलं तर धंदा बसेल. त्यांना भीती वाटत होती, हे मला तेव्हाच कळलं. एवढी वर्षं मला तो फक्त हट्ट वाटायचा. भीती पाहून माझा आवाज खाली आला. मी म्हटलं, अब्बा, कंपनीचं तेल एकदा घालू द्या. दुसऱ्या सकाळी जर आवाज आला तर मी किल्ली ठेवते आणि पुन्हा मागणार नाही. काउंटरवर बसते. पंख्याखाली.

भाई लगेच म्हणाला, चालेल. अब्बांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की कशाला म्हणून, ते मी विचारलं नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्री तयार होईनात. इतक्या पातळ तेलाची जबाबदारी आपण घेणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, जबाबदारी माझी, तुम्ही फक्त बोल्ट खोला. जुनं तेल काढलं तेव्हा ते काकवीसारखं लोंबत पडलं, संपता संपेना. फिल्टरही नवा बसवला. मग कंपनीने सांगितलेलं ते सोनेरी तेल ओतलं. अब्बा, भाई, मिस्त्री सगळे वाकून बघत होते. पाणी तापवत ठेवल्यावर कुणी उगाच बघत बसतं तसं.

मी आत बसले, पाय खाली ठेवले आणि किल्ली फिरवली.

गाडी इतकी खडखडली, इतकी खडखडली की पंक्चरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. एवढा मोठा आणि इतका लांबलेला आवाज तिने कधीच केला नव्हता. मग थांबला. मिस्त्री हात पुसत म्हणाले की आपण आधीच बोललो होतो. भाई फोन लावायला बाजूला गेला, ते जास्त लागलं. अब्बा एकटेच रिक्षा करून घरी गेले.

मी गाडी घेऊन शेडपर्यंत आले आणि वाटेत रडले. खोटं कशाला सांगू. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची मुलगी बघत होती, तिला मी काच वर करून दाखवली. माझा हिशेब मला अजून पटत होता, पण कानाने जे ऐकलं ते त्याच्या विरुद्ध होतं. तेल पातळ केलं आणि आवाज वाढला. म्हणजे मी खरंच मूर्ख होते, आणि आता त्यावर शिक्काही बसला होता.

संध्याकाळी घरी भांडी घासायला बसले. दिवसभर पाणी नव्हतं, ते तेव्हाच आलं. नळ सोडला तर तो आधी फुरफुरला, खोकला, शिंतोडे उडाले, मग कुठे धार लागली. मी तसाच नळ वाहू दिला. नवीन फिल्टर कोरडा असतो. त्यात तेलाचा थेंब नसतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर आधी तो भरणार, मग तेल वर जाणार. गॅरेजमध्ये ऐकलेला आवाज तेलाचा नव्हता, रिकाम्या फिल्टरचा होता. असावा. मी स्वतःला ‘होता’ म्हणत होते, पण मनात ‘असावा’ होतं. सासूबाई बाहेरून ओरडल्या की पाणी काय तुझ्या बापाचं आहे का. तेव्हा मी नळ बंद केला.

सकाळी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. माझ्या नशिबाला तेवढंच हवं होतं. शेडपाशी पोचले तर अब्बा उभे, भाई उभा, आणि तो नवा माणूसही स्वेटर घालून उभा. भाईने त्याला गाडी ओळखून घ्यायला बोलावलं होतं. वर काका कानटोपी घालून हजर. हौद्यात मांजरीला न्यायच्या गाद्या आदल्या दिवशीच भरलेल्या होत्या. मी दार उघडून आत बसले. पाय मॅटवर सपाट ठेवले, दिसतील असे. अब्बा बॉनेटजवळ येऊन उभे राहिले, मान जरा वाकडी करून, जशी ते पिंजण यंत्राचा पट्टा सरकलाय का ते ऐकताना करतात.

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली.

अब्बा तसेच उभे राहिले. वाट बघत. मग काचेतून माझ्याकडे बघून म्हणाले, “सुरू कर की.”

“सुरू आहे, अब्बा.”

त्यांनी मान सरळ केली. बॉनेटवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता, त्यावर आधी अविश्वास होता, मग काहीतरी ओळखीचं, आणि मग ते हसले. तोंड दाबून नव्हे, दात दाखवून. मी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. बंद केलं, सुरू केलं. भाई म्हणाला, पुरे, बॅटरी जाईल. मी आणखी एकदा केलं. काकांनी वरून विचारलं, “अहो, आज खडी नाही का?” मी काच खाली करून ओरडले की खडीचं काम बंद केलंय, आता फक्त गाद्या. मला ओरडायचंच होतं. मी जिंकले होते आणि ते कुणाला तरी मोठ्याने सांगायला मिळालं, याहून चांगली सकाळ मला आठवत नाही.

भाईने त्या नव्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आत यंत्रापाशी नेलं. तो अजून तिथेच आहे, कापूस छान पिंजतो.

मी निघणार तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. अब्बा चढत होते, गुडघा धरून, हळूहळू. माझ्या शेजारी ते कधीच बसले नव्हते. मी चालवते त्या गाडीत ते नेहमी काही ना काही कारण काढून बसायचं टाळायचे. बसल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं आणि म्हणाले, चल, उशीर होतोय.

बिबवेवाडीपासून हडपसर ओलांडून मांजरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पण पाय बोलत होता. मी ब्रेक मारायच्या जरासा आधीच त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा, आणि मी ब्रेक मारला की सैल पडायचा. नंतर नंतर दोन्ही एकाच वेळी व्हायला लागलं. मांजरीच्या फाट्यानंतर त्यांनी पाय मागे घेतला आणि खिडकीतून ऊस बघत बसले.

मांजरीला एक बाई मुलींना राहायला खोल्या देतात. शेताच्या कडेलाच नवी इमारत बांधलीय त्यांनी. फोनवर त्या अब्बांशी नाहीतर भाईशी बोलायच्या, पण समोर मला ओळखायच्या. अब्बांना उतरताना बघून त्या पुढे आल्या.

“बरं झालं मालक, सोता आलात. तुमचा पोरगा म्हनत व्हता नवा मानूस ठेवनार हाय म्हून. म्होरल्या खेपंला कोन येनार हाय मग?”

अब्बा गाडीला हात टेकून उभे होते.

“गाडी तिची आहे,” ते म्हणाले. “तिला विचारा.”

मी मागे ताडपत्रीची दोरी सोडत होते. गाठ माझीच, रोज सोडते तशीच, पण ती सापडेना, कारण डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं. बाई वळून माझ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत. मी नाक ओढलं, गाठ सोडली आणि म्हणाले, “मीच येणार.”